गो गेज घासतो तेव्हा आवाज होत नाही

भोकातले किंवा बोल्टवरचे आटे (थ्रेड) बरोबर आहेत का, हे दोन गेजांनी तपासतात: गो पूर्ण जायला हवा, नो-गो अडायला हवा. नो-गो दीड आटा आत गेला. जॉब पास की रिजेक्ट?

भोसरी, चाकण, नाशिकचं सातपूर, कोल्हापूरची शिरोली, जिथे जिथे टॅपिंग होतं, म्हणजे टॅप नावाच्या हत्याराने भोकात आटे पाडले जातात, तिथे हा वाद पाळीपाळीला होतोच. ऑपरेटर म्हणतो, पुढे अडला ना, मग पास. इन्स्पेक्टर म्हणतो, नावच नो-गो आहे, गेलाच कसा?

इथे ऑपरेटरचं बरोबर आहे. आयएसओ १५०२ या मानकाप्रमाणे नो-गो गेज हाताने, जोर न लावता फिरवायचा आणि तो दोन आट्यांपेक्षा जास्त जाता कामा नये. भोक आरपार असेल तर दोन्ही बाजूंनी तपासायचं. जॉबलाच तीन किंवा त्याहून कमी आटे असतील, पातळ नटाला असतात तसे, तर नो-गो आरपार निघता कामा नये. ड्रॉइंग अमेरिकन असेल आणि त्यावर एएसएमई बी १.२ चा उल्लेख असेल, तर मुभा दोनऐवजी तीन आट्यांची आहे. म्हणून वाद घालण्याआधी ड्रॉइंगचा कोपरा वाचावा. एकाच शॉपमध्ये दोन्ही प्रकारचे ग्राहक असतील तर हा नियम गेजच्या डबीवरच चिकटवून ठेवावा.

तोंडाशी दीड आटा सैल असण्याचं कारण बहुतेक वेळा टॅप भोकात शिरताना झालेली हलचल हे असतं. स्पिंडलचा फीड आणि टॅपचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) सुरुवातीला नीट जुळला नाही, किंवा टॅप जरा तिरका शिरला, की पहिले एक-दोन आटे रुंद होतात आणि भोक तोंडाशी घंटेसारखं होतं. पुढचे आटे नीट असतात. दोन आट्यांची मुभा याचसाठी आहे. नो-गो थेट तळापर्यंत गेला तर मात्र गोष्ट वेगळी. टॅपचा रनआउट (मध्य सोडून फिरणं), टॅपच्या कडेला चिकटलेलं मटेरियल, त्याच्या उभ्या गाळ्यांत अडकलेली चिप, किंवा प्लेटिंगच्या जॉबसाठी आणलेला मोठ्या साइजचा टॅप चुकून साध्या जॉबला लागणं, यांतलं एक कारण शोधायचं.

पुढचं सगळं एकाच साइजवर बोलू, म्हणजे आकडे डोळ्यांसमोर राहतील. एम १० × १.५, म्हणजे व्यास १० मिमी आणि पिच १.५ मिमी. नट ६एच, बोल्ट ६जी, हे मापात किती सूट ते सांगणारे वर्ग.

गेज ज्याच्यासाठी असतो तो पिच डायमीटर. आट्याची जाडी आणि खाचेची रुंदी जिथे सारखी भरते, त्या काल्पनिक दंडगोलाचा हा व्यास. आपल्या नटात तो ९.०२६ ते ९.२०६ मिमी असायला हवा. बोल्टवर ८.८६२ ते ८.९९४. म्हणजे नटाला एकूण १८० मायक्रॉनची (मिमीचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) सूट आणि बोल्टला १३२ ची. व्हर्निअरचे जबडे आट्यांच्या शेंड्यावर टेकतात, पिच डायमीटरपर्यंत ते पोचतच नाहीत. बोल्टचा बाहेरचा व्यास ९.९० आला म्हणून आटा बरोबर आहे असं म्हणता येत नाही.

गो आणि नो-गो ही एकाच मापाची दोन टोकं आहेत असं बरेच जण समजतात. तसं नाही, दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. हे तत्त्व इंग्लंडच्या विल्यम टेलर यांनी १९०५ मध्ये मांडलं आणि आजही प्रत्येक थ्रेड गेज त्यावरच बनतो. गो गेजवर पूर्ण आकाराचे आटे असतात आणि त्याची लांबी जॉबच्या पकडीइतकी, म्हणजे नट-बोल्ट एकमेकांत गुंततात तेवढी असते. तो एका दमात सगळं तपासतो: पिच डायमीटर, लीड (एका फेऱ्यात आटा पुढे सरकतो ते अंतर), आट्याचा कोन, सरळपणा. यांतलं काहीही बिघडलं तरी तो अडतो. नो-गो आखूड असतो, त्याचे शेंडे कापलेले असतात, मुळाशी मोकळीक असते आणि आट्याच्या बाजूची फक्त मधली चिंचोळी पट्टी जॉबला टेकते. त्याला लीडशी आणि कोनाशी काही देणंघेणं नसतं. फक्त पिच डायमीटर सैल झालाय का, एवढंच तो बघतो.

हा फरक कळला की गेज नुसता पास-फेल सांगत नाही, मशीनवर काय चाललंय तेही सांगतो. गो जातो, नो-गो अडतो, तर ठीक. गो अडतो आणि नो-गोही अडतो, तर भोक लहान आहे. टॅप घासलाय, कडेला धातूची कुसळ (बर) आहे, चिप अडकलीय, किंवा जॉबची भिंत पातळ असल्याने टॅप बाहेर आल्यावर मटेरियल परत आवळलंय. दोन्ही जातात, तर भोक मोठं आहे, त्याची कारणं वर आलीच. चौथा प्रकार लोकांना बुचकळ्यात टाकतो: गो जात नाही, पण नो-गो जातो! गेजच खराब आहे असं म्हणून तो टूल रूमला परत पाठवला जातो. गेज ठीकच असतो, लीड चुकलेली असते. ६० अंशांच्या आट्यात लीडची चूक पिच डायमीटरमध्ये १.७३२ पट होऊन दिसते. पकडीच्या लांबीत २० मायक्रॉनची लीड चुकली तर गो गेजला भोक ३५ मायक्रॉनने लहान वाटतं. लांब गो अडकतो, आखूड नो-गो मात्र त्याच सैल भोकात आरामात शिरतो. अशा वेळी टॅपची साइज बदलून काही होत नाही. स्पिंडल आणि फीडचा मेळ, होल्डर, आणि उष्णता-प्रक्रियेत जॉब लांबला-आखडला का, हे बघावं लागतं.

थ्रेड गेजला एक गोष्ट मुळीच दिसत नाही, ती म्हणजे नटाचा आतला व्यास, ड्रिलने पाडलेलं मूळ भोक. आपल्या साइजला तो ८.३७६ ते ८.६७६ हवा. समजा ड्रिल चुकून ८.८ चं लागलं. टॅपने आटे पाडले, गो गेला, नो-गो अडला, जॉब पास झाला. पण आट्याची उंची जेमतेम ७४ टक्के राहिली. मानकाची खालची हद्द धरली तरी ती ८१ टक्क्यांच्या वर हवी. बोल्ट आवळताना असे आटे शेंड्याकडून सोलले जातात. म्हणून थ्रेड प्लगच्या (भोकात घालायच्या गेजच्या) शेजारी साधा, बिनआट्याचा गो आणि नो-गो प्लग ठेवलाच पाहिजे, आणि बोल्टच्या बाजूला बाहेरच्या व्यासासाठी मायक्रोमीटर (९.७३२ ते ९.९६८). ही तपासणी जिथे गाळली जाते तिथे थ्रेड गेजच्या पास शिक्क्याला फारसा अर्थ उरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

गेजला अंडाकृती भोकही नीट कळत नाही. नो-गो प्लग सगळ्या बाजूंनी गोल असतो. भोक एका दिशेने मोठं आणि दुसऱ्या दिशेने बरोबर असेल तर तो बरोबर असलेल्या दिशेलाच अडतो आणि जॉब पास होतो. बोल्टवर चढवायच्या नो-गो रिंगचंही तसंच. सेंटरलेस ग्राइंडिंगच्या गोलाईत तीन उंचवटे राहिलेल्या ब्लँकवर आटे रोल केले असतील, तर रिंग फसते. जिथे ही शंका असेल तिथे रोलरवाला थ्रेड स्नॅप गेज किंवा तीन टोकांचा कंपॅरेटर वापरावा.

घासणं कुणाच्या मुळावर येतं

गेजची झीज कुठल्या बाजूला होते आणि तिचं नुकसान कुणाला होतं, याचा विचार शॉपमध्ये फार कमी होतो.

प्लग घासला की बारीक होतो, रिंग घासली की मोठी होते. नो-गो प्लग बारीक झाला तर तो चांगल्या भोकातही शिरतो, चांगले जॉब रिजेक्ट होतात, ऑपरेटर ओरडतो आणि गेज लगेच तपासला जातो. म्हणजे नो-गोची झीज स्वतःहून समोर येते. गो प्लग बारीक झाला तर उलटं होतं. तो घट्ट भोकातही सहज जातो, जॉब पटापट पास होतात आणि कुणी तक्रार करत नाही. उत्पादन सुरळीत, रिजेक्शन शून्य, सगळे खूश. तक्रार येते ती ग्राहकाच्या असेंब्लीवरून, जेव्हा त्यांचा बोल्ट अर्ध्यात अडकतो. घासलेली गो रिंगही अशीच जाड बोल्ट मुकाट पास करते. नो-गोची झीज तुम्हाला भोवते, गोची झीज ग्राहकाला. आणि दिवसभर पूर्ण लांबी आत-बाहेर होतो तो गोच, म्हणून घासतोही तोच.

किती घासू द्यायचा? एम १० × १.५, ६एच चा नवा गो प्लग आयएसओ १५०२ प्रमाणे ९.०३२५ ते ९.०४३५ मध्ये बनतो. झिजेची हद्द ९.०२५५. वरच्या टोकाला बनलेला गेज हाती आला तर १८ मायक्रॉनचं आयुष्य मिळतं, खालच्या टोकाला बनलेला आला तर फक्त ७ मायक्रॉनचं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्याचा हा दहावा हिस्सा. नो-गोचं गणित याहून घट्ट आहे. तो नवा ९.२०६ ते ९.२१७ मध्ये असतो आणि ९.२०२ ला बाद.

म्हणून नवा गेज घेताना त्याच्या प्रमाणपत्रावरचा आकडा वाचा आणि रजिस्टरमध्ये त्याच दिवशी लिहा. दोन गेज नावाने सारखे दिसतात, पण त्यांच्या आयुष्यात दुपटीहून जास्त फरक असू शकतो.

यातून एक जुनी चांगली पद्धत निघते, ती पुष्कळ ठिकाणी विसरली गेली आहे. नवा गो प्लग मूळ हद्दीपेक्षा (आपल्या साइजला ९.०२६) थोडा जाड असतो, त्यामुळे हद्दीजवळचा, पण ड्रॉइंगप्रमाणे बरोबर असलेला जॉब तो नाकारू शकतो. म्हणून नवा गेज मशीनवर द्यायचा, आणि थोडा घासलेला पण हद्दीत असलेला गेज फायनल इन्स्पेक्शनला ठेवायचा. मग मशीनवर पास झालेला जॉब पुढे फेल होत नाही. उलट केलं, म्हणजे जुना गेज मशीनवर आणि नवाकोरा फायनलला, की रोज भांडणं. ग्राहकाचा गेज आणि आपला गेज यांच्यातलं भांडणही बहुधा याच जागी असतं. दोन्ही गेज हद्दीत, दोन्ही खरे, तरी निकाल वेगळा. अशा वेळी दोघांनी आपापल्या प्रमाणपत्रावरचे आकडे समोरासमोर ठेवावेत. मूळ हद्दीच्या जास्त जवळ असलेल्या गेजने जॉब पास झाला तर तो नाकारायला कारण उरत नाही.

झीज सगळीकडे सारखी नसते. भोकाच्या तोंडाशी झगडतात ते गो प्लगचे पहिले दोन-तीन आटे, आणि तेच आधी जातात. मधे माप घेतलं तर गेज चांगला दिसतो. म्हणून कॅलिब्रेशनला पाठवताना सांगा की पुढचे आटे, मध्य आणि मागची बाजू अशी तीन ठिकाणी मापं हवीत. एकच सरासरी आकडा लिहिलेलं प्रमाणपत्र आलं तर ते परत पाठवावं.

जॉबच्या मटेरियलवरही बरंच अवलंबून आहे. बिडाची बारीक धूळ आणि सिलिकॉन जास्त असलेलं ॲल्युमिनियम कास्टिंग, दोन्ही गेजला पॉलिश पेपरसारखी घासतात. असं काम सतत असेल तर कार्बाइडचा किंवा टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी मुलामा दिलेला प्लग महाग असला तरी परवडतो. कार्बाइड पडला की टवका उडतो, हे मात्र ध्यानात ठेवायचं.

तीन तारांनी माप

प्लग गेजचं माप शॉपमध्येच घेता येतं, त्यासाठी दरवेळी लॅबची वाट बघायला नको. सारख्या व्यासाच्या तीन ग्राउंड तारा लागतात. एका बाजूच्या लागोपाठच्या दोन खाचांत एकेक, समोरच्या खाचेत एक, आणि वरून मायक्रोमीटर.

तार अशी हवी की ती आट्याला पिच डायमीटरच्या रेषेवरच टेकेल. ६० अंशांच्या आट्याला ती पिचच्या ०.५७७३५ पट भरते. १.५ पिचला ०.८६६ मिमी. तारांवरचं माप आलं की त्यातून तारेच्या व्यासाची तिप्पट वजा करायची आणि पिचच्या ०.८६६०३ पट मिळवायची. समजा माप १०.३३७ आलं. १०.३३७ वजा २.५९८ अधिक १.२९९, म्हणजे पिच डायमीटर ९.०३८. गेज अगदी मधोमध.

बाजारात मिळणाऱ्या संचात १.५ पिचला ०.८९५ ची तार येते. तीही चालते, फक्त हिशेबात ०.८९५ धरायचं. तारांच्या डबीवर छापलेला आकडा मात्र धरू नका, तारांच्या प्रमाणपत्रावरचा धरा. तारेचा व्यास सूत्रात तिप्पट होऊन येतो. तारेत १ मायक्रॉन चुकला तर उत्तरात ३ चुकतात, आणि आपल्याकडे झिजेला जागाच ७ ते १८ ची.

याच कारणाने मायक्रोमीटर हळू लावायचा, रॅचेट करकर फिरवायचा नाही. टोकदार खाचेत बसलेली तार दाबाने किंचित चेपते आणि माप कमी येतं. दुसऱ्या बाजूने, आटा तिरका चढत असल्याने साध्या सूत्रात उत्तर थोडं जास्त येतं. एम १० × १.५ ला हा फरक जवळपास २ मायक्रॉनचा आहे. लॅब दोन्हींची दुरुस्ती करते. शॉपमध्ये साध्या सूत्राने काढलेलं उत्तर झिजेच्या हद्दीपासून ३-४ मायक्रॉनवर आलं, की स्वतः निर्णय न घेता गेज लॅबला पाठवावा, हे बरं.

रिंगला तारा लावता येत नाहीत. एकसंध रिंगसाठी झीज तपासायचा वेगळा चेक प्लग असतो. तो रिंगमध्ये शिरायला लागला की रिंग गेली. हा चेक प्लग तिजोरीत ठेवण्यासारखा आहे, त्याने चुकूनही जॉब तपासायचा नाही.

चिरलेली, जुळवता येणारी अमेरिकन पद्धतीची रिंग सेटिंग प्लगवर जुळवतात. त्या प्लगवर दोन भाग दिसतील: एकावर पूर्ण आटे, दुसऱ्यावर शेंडे कापलेले. लॉक स्क्रू सैल करून रिंग प्लगपेक्षा थोडी मोठी उघडा, प्लगवर पातळ तेल लावून रिंग कापलेल्या शेंड्यांच्या भागावर चढवा, आणि हळूहळू आवळत जा, हाताला किंचित ओढ लागेपर्यंत. लॉक करा. लॉक करताना रिंग पुन्हा हलते, म्हणून ओढ परत बघा. मग रिंग पूर्ण आट्यांच्या भागावर न्या. ओढ दोन्हीकडे जवळपास सारखी लागली पाहिजे. पूर्ण आट्यांच्या भागावर ती खूप घट्ट झाली तर रिंगच्या मुळाशी मोकळीक उरलेली नाही. तिथे आणि मग जॉबवर वागणूक वेगळी वाटली, किंवा प्लगवर रिंग डुगडुगली, तर आट्यांच्या बाजू वाकड्या घासल्या आहेत. अशी रिंग कितीही आवळली तरी सुधारत नाही. जुळवणी झाली की स्क्रूवर लाखेचं सील लावा. सील तुटलेली रिंग वापरायची नाही.

हात, चिप आणि तेल

गेज दोन बोटांनी आणि अंगठ्याने फिरवायचा. मूठ आवळून नाही, पाना लावून नाही, आणि बॅटरीच्या ड्रिलला जोडून तर नाहीच. गो जिथे थांबतो तिथे तो थांबला आहे. जोर लावून तो पुढे नेला म्हणजे जॉब पास होत नाही, गेज फक्त आणखी घासतो. उभ्या भोकात गो स्वतःच्या वजनाने फिरत उतरलाच पाहिजे, असाही एक समज आहे. तशी काही अट नाही, हाताच्या हलक्या फिरवणीने पूर्ण लांबी गेला म्हणजे झालं.

जॉब आधी साफ करा. आंधळ्या भोकातली चिप हवेने उडवताना चष्मा घाला आणि तोंड बाजूला ठेवा. आट्यांतला कूलंट पुसा. गो प्लगच्या आट्यांना आडवी खाच असेल तर ती घाण गोळा करायला आहे. दर थोड्या जॉबनंतर ती नायलॉनच्या ब्रशने झाडा. खाच भरली की तीच चिप पुढच्या आट्यांत रगडली जाते. गेजला तारेचा ब्रश कधीही लावू नका. ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेसच्या जॉबवर गेज कोरडा चालवला तर जॉबचं मटेरियल आट्यांच्या बाजूंना चिकटतं. नखाने लागत नाही इतका पातळ थर, पण गो अडायला तेवढा पुरतो. मग लोक टॅप बदलत बसतात. या दोन मटेरियलना गेजवर पातळ तेलाचा हात हवाच. जाड तेल नको, त्यात धूळ धरते आणि हाताला खोटी ओढ जाणवते.

आंधळ्या भोकाची खोली गेजनेच तपासता येते. आटे १५ मिमी हवेत, पिच १.५, म्हणजे गो दहा फेरे गेला पाहिजे. टोकाचे मोडके आटे यात धरू नका. गेजवर खोलीची पायरी कोरून घेतली तर मोजायलाही नको.

गेज पडला तर तो त्याच क्षणी बाजूला ठेवा. शेंड्यावर छोटी कुच पडते, डोळ्याला चमकल्यासारखी दिसते, आणि तोच शेंडा पुढच्या प्रत्येक जॉबचे आटे ओरखडतो. टूल रूमने बारीक दगडाने फक्त ती कुच उतरवावी, आट्याच्या बाजूला दगड लावू नये, आणि माप घेतल्यावरच गेज परत द्यावा.

तापमानाबद्दल. मापाचं प्रमाण तापमान २० अंश. मे महिन्यात शेड ४० ला पोचते, म्हणून लोक घाबरतात. जॉब पोलादाचा, गेज पोलादाचा आणि दोन्ही एकाच टेबलावर सारखे तापलेले, तर दोघं सारखेच फुगतात आणि फरक पडत नाही. धोका आहे मशीनमधून नुकत्याच निघालेल्या गरम ॲल्युमिनियमचा. एम ४८ चं भोक ६० अंशांवर असेल तर २० अंशांच्या मापापेक्षा ते साधारण ४४ मायक्रॉनने मोठं असतं. गरम असताना गो सुरेख जातो, रात्री थंड झाल्यावर अडतो. असे जॉब ट्रेमध्ये गेजच्या शेजारी निवू द्यावेत आणि मगच तपासावेत.

प्लेटिंगचे चार पट

झिंकचा थर बोल्टच्या आट्यावर बसला की पिच डायमीटर थराच्या जाडीच्या चौपट वाढतो. आट्याची बाजू तिरकी असल्याने थर त्रिज्येत दुप्पट होतो, आणि दोन बाजू धरल्या की चौपट. ६जी बोल्टला मूळ मापापासून ३२ मायक्रॉनची मोकळीक ठेवलेली असते ती यासाठीच उपयोगी पडते. ८ मायक्रॉनचा थर चढला की ती मोकळीक संपली. बोल्ट वरच्या हद्दीला, ८.९९४ ला बनवला असेल तर प्लेटिंगनंतर तो बरोबर ९.०२६ होतो. १० मायक्रॉन थर मागवला असेल तर आटे आधीच त्या हिशेबाने खाली बनवायला हवेत.

तपासणीत मात्र गफलत होते ती अशी. प्लेटिंगच्या आधी ६जी ची गो आणि नो-गो रिंग वापरायची. प्लेटिंगनंतर ६जी ची गो रिंग लावली तर चांगले बोल्टही अडतात आणि प्लेटिंगवाल्याच्या माथी दोष येतो. मुलामा दिल्यानंतर बोल्टने मूळ हद्द ओलांडू नये एवढीच अट आहे, म्हणून तिथे ६एच ची गो रिंग लागते. ड्रॉइंगवर हा एच छोट्या लिपीत असतो, नटाचा मोठ्या लिपीत. दोन्ही रिंग एकाच ट्रेमध्ये ठेवू नका. एका डबीवर 'प्लेटिंगआधी' आणि दुसरीवर 'प्लेटिंगनंतर' असं मराठीत मोठं लिहून ठेवा.

मिसळीवरून आणखी एक. अर्ध्या इंचाचा एनपीटी (अमेरिकन पाइपाचा आटा) आणि अर्ध्या इंचाचा बीएसपी (ब्रिटिश पाइपाचा आटा), दोन्हींना इंचात १४ आटे. पिच गेजची पट्टी दोन्हींवर बसल्यासारखी वाटते. पण एकाचा कोन ६० अंश आणि दुसऱ्याचा ५५. पाइपाच्या जॉबवर चुकीचा गेज लावला तर तो थोडा जाऊन अडतो आणि सगळं बरोबर आहे असं वाटतं. गळती मात्र टेस्टिंगला निघते. पट्टी उजेडासमोर धरून आट्याच्या बाजूला फट दिसते का, ते बघावं.

ठेवणं

कोकणात आणि पावसाळ्यात घाटावरही गेजला सगळ्यात जास्त छळतो तो गंज. घामाच्या बोटाचा ठसा एका रात्रीत तांबूस होतो. काम संपलं की गेज केरोसीनने धुवा, पुसा, गंजरोधक तेलाचा पातळ हात द्या. केरोसीनवर तसाच ठेवू नका, ते उडून गेल्यावर पोलाद उघडं पडतं. डबीत स्पंज ठेवायची आपल्याकडे सवय आहे, पण स्पंज ओल धरतो आणि गंज नेमका तिथेच पडतो. गंजरोधक कागदात गुंडाळून झाकणाच्या डबीत ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि गो-नो-गो एकमेकांवर आपटणार नाहीत असे वेगळे कप्पे करा. गंजलेला आटा एमरीने घासून 'साफ' करणं म्हणजे हातानेच झीज करणं.

कॅलिब्रेशनची तारीख बहुतेकांकडे वर्षाची असते. वर्ष हे गेजचं आयुष्य मोजायचं माप नव्हे. महिन्याला दोनशे जॉब तपासणारा आणि पाळीला दोन हजार जॉब तपासणारा, दोन्ही गेज वर्षाने पाठवणं चुकीचं आहे. गेज देताना-घेताना स्टोअरच्या कार्डावर त्याने तपासलेले जॉब लिहा. प्रत्येक मापासमोर जॉबची बेरीज मांडली की दोन-तीन मापांत कळतं, या मटेरियलवर हा गेज किती हजारांनी १ मायक्रॉन घासतो. मग पुढची तारीख त्या आकड्यावरून ठरवा, आणि लॅबची अनिश्चितता त्यातून वजा करा. प्रमाणपत्रावर अधिक-उणे ३ मायक्रॉन लिहिलं असेल आणि गेज हद्दीपासून २ वर असेल, तर तो हद्दीत आहे असं कुणीच ठामपणे म्हणू शकत नाही. आयएसओ १७०२५ (लॅबसाठीचं मानक) ची एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबकडून घेतलेल्या प्रमाणपत्रावर हा आकडा असतोच. तो वाचला मात्र पाहिजे.

गो बाद निघाला तर फक्त नवा गेज मागवून थांबता येत नाही. मागच्या चांगल्या मापापासून आजपर्यंत त्या गेजने पास झालेले लॉट कोणते, ते कार्डावरून काढा. स्टोअरमध्ये असलेले नव्या गेजने पुन्हा तपासा, गेलेल्यांबद्दल ग्राहकाला कळवा. कार्ड नसेल तर हे काम अशक्य होतं.

आणि बाद गेज खणात ठेवू नका. त्यावर लाल रंग लावून, 'फक्त सेटिंगसाठी' म्हणून तो कुणीतरी मशीनवर नेतोच. आटे ग्राइंडरवर पूर्ण घासून टाका, नंबर रजिस्टरमधून कापा, तारीख आणि सही टाका, आणि तुकडा भंगारात द्या.